घाटाच्या पायथ्याशी : आपत्ती, सेवा आणि श्रद्धा

ज्युबिलीच्या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीचा, पहिल्या घंटेचा, आलेल्या-गेलेल्या धर्मगुरूंचा आणि दानशूर कुटुंबांचा वृत्तांत यावा, अशी रूढी आहे आणि ती योग्यच आहे. तो मजकूर वाचकांस ह्या पुस्तिकेत अन्यत्र मिळेल. प्रस्तुत लेखकाकडे संपादक मंडळाने ‘मिशनकार्याचा इतिहास’ हा विषय सोपविला. परंतु कर्जत-खालापूरकडील माणसाने हा विषय हाती घ्यावा आणि त्याच्या डोळ्यांपुढे इर्शाळगड उभा राहू नये, हे आता शक्य राहिलेले नाही. म्हणून आरंभ तेथूनच करतो. उत्सवाच्या दिवशी मृतांची आठवण काढणे काहींस रुचणार नाही. त्यांनी क्षमा करावी. आपल्या पवित्र सभेने तर वेदीच्या दगडातच हुतात्म्यांचे अवशेष ठेवण्याची चाल पाडली आहे. मृतांवाचून आपला कोणताच उत्सव होत नाही.

बुधवार, दिनांक १९ जुलै २०२३. पाऊस थांबण्याचे नाव घेत नव्हता. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस कोसळल्याचे दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगण्यात आले. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास, लोक जेवून निजले असता, गडाच्या कड्याखालील माती-दगडांचा लोंढा इर्शाळवाडीवर आला. वाडी ठाकर बांधवांची. वस्ती सव्वादोनशेच्या आसपास. वाडीस गाडीरस्ता नव्हता. काही तरुण मुले त्या रात्री बाजूच्या शाळेत बसली होती. त्यांच्यामुळे बातमी खाली पोहोचली. मदतीस निघालेल्यांस अंधारात, निसरड्या पायवाटेने, तासाहून अधिक काळ चढावे लागले. अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा त्या चढणीवरच हृदयविकाराने अंत झाला. यंत्रे वर नेता येईनात, तेव्हा कुदळ-फावडे घेऊन माणसे चिखल उपसू लागली. चार दिवसांत २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाचलेल्यांस पहिला आसरा मिळाला तो नढाळ येथील पंचायतन मंदिरात, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे; सेवेचा मक्ता आपल्याकडेच आहे, असे मानणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

शोधकार्य थांबविण्यात आले तो दिवस रविवार होता, २३ जुलै. त्या रविवारी जगभरच्या कॅथलिक देवळांत जे शुभवर्तमान वाचले गेले ते शेतातील गव्हाचे व निदणाचे : चाकर निदण उपटू पाहतात, आणि धनी त्यांस कापणीपर्यंत थांबावयास सांगतो. वाचनाचा क्रम कित्येक वर्षांपूर्वी ठरलेला असतो. कोणी मुद्दाम निवडलेला तो उतारा नव्हता. पण ज्याने ते वाचन ऐकले आणि मनात त्या ५७ जणांचा हिशेब केला, त्याच्या मनात एक प्रश्न उठल्यावाचून राहिला नसेल : ह्यांतील कोण निदण होते? ज्या मुलाने अजून पाटीवर धड नाव काढले नव्हते ते?

हा प्रश्न जुना आहे. यरुशलेमेतील शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हा लोकांच्या मनात जे आले ते आपल्या प्रभूने ओळखले व स्पष्ट नाकारले. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती म्हणून बुरूज त्यांच्यावर पडला, असे नव्हे, हे त्याचे शिक्षण संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यापाशी मुकाट बसले तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. दरड कोसळली ती पापामुळे नव्हे. झिजलेल्या खडकावरील माती पाण्याने पुरती भरली, तिचे वजन वाढले, खडकाशी तिची पकड सुटली आणि उभ्या उतारावरून ती खाली आली. ही वाडी दरडींचे भय असलेल्या गावांच्या सरकारी यादीत नव्हती. हे सारे समजून घेणे श्रद्धेस बाधक नाही. उलट, देवावर नसता आळ घेण्यापासून ते आपणांस वाचविते.

मग श्रद्धेचे काम कोणते उरले? आपल्या वाडवडिलांनी ह्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने फारसे दिलेले आढळत नाही. जे दिले ते हातांनी, आणि तेही प्रत्येक वेळी दिले असे नाही. न दिल्याची गोष्ट प्रथम सांगतो, कारण ती आपल्या अगदी दारातली आहे.

१२ मे १८५६ रोजी आगगाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि तेथे थांबली. पुढे बोरघाट. त्या वर्षी घाटाचे काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. पंधरा मैलांहून थोडी अधिक लांबी, १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. १८६१ च्या जानेवारीत ह्या कामावर ४२,००० हून अधिक माणसे होती. एवढी माणसे उघड्या डोंगरावर, पानांच्या व गवताच्या झोपड्यांत, एकाच ओढ्याचे पाणी पीत राहिली. पटकीचा विषार पाण्यातून पसरतो हे डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ साली दाखविले होते, पण ते ज्ञान घाटात पोहोचले नव्हते. पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी हजारो मजूर मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ साली इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच आजाराने मरण पावले. काम पुरे करण्याची जबाबदारी त्यांची पत्नी ॲलिस हिने घेतली. हिचे नाव इतिहासाने राखले आहे. मजूर मात्र ‘मजूर’ म्हणूनच गेले.

आणि त्या सुमारास आपली मुंबईची ख्रिस्ती मंडळी काय करीत होती? भांडत होती. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील पाद्रोआदो आणि रोमच्या हुकमतीखालील प्रोपागांडा ह्या दोन पक्षांत देवळे कोणाची, याचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. १८५३ साली तर माहीमच्या संत मायकलच्या देवळात खुद्द बिशप हार्टमन यांस प्रतिपक्षाने कित्येक दिवस कोंडून धरिले होते. १८५८ साली मुंबईचे मिशन कपुचिन धर्मगुरूंकडून जेसुइट धर्मगुरूंकडे आले, तरी दुहेरी सत्तेचे ते लचांड मिटावयास १९२८ साल उजाडले. ज्या शक्तीचा उपयोग घाटातील तंबूंत व्हावयाचा, तिचा व्यय किल्ल्या आणि कुलुपांवर झाला. ज्युबिलीच्या पुस्तिकेत असे लिहू नये, असे कोणी म्हणेल. पण स्तुतीच ऐकावयाची तर तिच्यासाठी इतिहास कशाला हवा?

रेल्वे मात्र आपल्या लोकांस घेऊन आली. गोव्याचे, साष्टीचे, वसईचे कॅथलिक लोक जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि रूळ गेले तेथे जपमाळ गेली. तो निराळा विषय आहे.

त्याच घाटाने पंधरा वर्षांनी दुसरे दृश्य पाहिले. १८७६ साली दख्खनवर पाऊस पडला नाही. धान्याच्या गाड्या घाट चढू लागल्या आणि उपाशी माणसे घाट उतरून कोकणात व मुंबईत येऊ लागली. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने कामकऱ्यास दिवसाला अवघे एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसा मिळू लागला, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो दुष्काळग्रस्तांनी ती कामेच सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ह्या दुष्काळाच्या पाठोपाठ जर्मन जेसुइट धर्मगुरूंनी अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मिशनकार्यास हात घातला. वळण, केंदळ, संगमनेर, राहाता ही नावे आपल्या पुणे प्रांताच्या इतिहासात पुढे ठळक झाली ती तेव्हापासून. १८८६ साली पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे दुसरे बिशप हेन्री डोरिंग हे जर्मन जेसुइट मिशनरी असून १९०७ साली त्या पदावर आले.

येथे वाचकाने एका कटू शब्दास तोंड दिले पाहिजे. ‘पोटासाठी बाटले’ असे त्या लोकांविषयी म्हटले गेले, आजही म्हटले जाते, आणि आपल्यातील काही सुखवस्तू कॅथलिकही जेवणानंतर सुपारी कातरता-कातरता तेच बोलतात. ह्यात तथ्य काय? काही तथ्य आहे. भुकेलेला माणूस भाकर देणाऱ्याच्या देवाचे नाव घेतो. पुढे पाऊस पडला की त्यांतील काही परत जातात. असे घडले, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण शब्द वापरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, ज्यांस गावाने विहिरीवर चढू दिले नाही, त्यांचा विचार केवळ पोटाचा नव्हता. कोणी आपल्या झोपडीत येऊन बसला, आपल्या मुलास अक्षर शिकविले, हे त्यांस भाकरीइतकेच नवे होते. दुसरी ही की, ह्या श्रद्धेची परीक्षा लवकरच झाली.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. जर्मन धर्मगुरू एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांस कोंडण्यासाठी जी मोठी छावणी उभारिली ती नेमकी अहमदनगरात होती. मिशनरी स्थानबद्ध झाले आणि मायदेशी पाठविले गेले. स्वतः बिशप डोरिंग यांस आपल्या प्रांतास मुकावे लागले. पुढे १९२१ पासून काही वर्षे जपानात हिरोशिमा येथे सेवा करून ते १९२७ साली पुण्यास परतले. म्हणजे ज्यांच्या हातून भाकर मिळत होती ते हातच गेले. नगरच्या खेड्यांतील मंडळी तेव्हा विखुरली नाही. मिशनच्या शाळेचा ‘मास्तर’ तेथे होता. अल्प पगाराचा, पायी हिंडणारा हा देशी माणूस दिवसा मुलांस बाराखडी शिकवी, रात्री भजन लावी, आजाऱ्यापाशी बसे आणि मेलेल्यास माती देई. ज्युबिल्यांच्या पुस्तिकांत बिशपांची छायाचित्रे असतात, मास्तरांची क्वचितच. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या काळचा मिशनचा इतिहास जर कोणा एकाचा असेल तर तो मास्तरांचा आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यातच ह्याचे याहून जुने उदाहरण आहे. १७३९ साली वसई व १७४० साली चौल-रेवदंडा पोर्तुगीजांच्या हातून गेले. सत्ता गेली, तिच्यासंगे मानमरातब गेला, पैसा गेला. खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली एक लहान ख्रिस्ती वस्ती मागे राहिली. तिजला संरक्षण देणारे कोणी नव्हते व तिच्याकडून घेण्यासारखे कोणापाशी काही नव्हते. ती वस्ती आजही तेथे आहे, कार्मेल माउलीचे देऊळ आहे, आणि पोर्तुगीजपासून झालेली आपली वेगळी बोली ते लोक घरात बोलतात. ह्यांस कोणी कसल्या भाकरीने धरून ठेवले?

१८९६ ते १९०० ही चार-पाच वर्षे महाराष्ट्राने एका दमात भोगली. दोन दुष्काळ आणि त्यांच्यामध्ये प्लेग. दुष्काळांविषयी थोडक्यात. नगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांस १९०१ साली दुष्काळातील सेवेबद्दल कैसर-इ-हिंद पदक मिळाले. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून व गुजरातेतून अनाथ मुली व विधवा गोळा करून पुणे जिल्ह्यात केडगावी आणिल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जीव होते. ही दोघेही आपल्या पंथाची नव्हती. आपल्या जुन्या पुस्तिकांत त्यांची नावे येत नसत. ती येथे येऊ द्यावीत. जखमी माणसास उचलणारा शोमरोनी होता, हे प्रभूने सांगितले ते उगाच नव्हे.

प्लेगची हकिकत मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात एका रोग्यास तपासताना डॉक्टर आकासियो व्हियेगस यांनी हा रोग ओळखला. हे गोव्याचे कॅथलिक. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. शहर ओस पडू लागले. माणसे मिळेल त्या गाडीने कल्याण-कर्जतच्या वाटेने बाहेर पडली आणि कित्येकांनी रोगही आपल्यासंगे नेला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. घरे फोडून झडत्या सुरू झाल्या, स्टेशनांवर उतारूंच्या काखा-जांघा तपासण्यात येऊ लागल्या, रोग्यांस बळाने इस्पितळांत हलविले जाऊ लागले. लोकांस वाटे की इस्पितळ म्हणजे मरणाचे दार. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात रँडसाहेबाच्या कारभाराचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाला.

ह्याच इस्पितळांत धर्मभगिनी गेल्या. क्रॉसच्या कन्या ह्या संघाच्या भगिनी १८६२ पासून ह्या देशात काम करीत होत्या. वांद्र्यास त्यांचा मठ व अनाथालय होते. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी रोग्यांची शुश्रूषा पत्करली. त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हते. डॉक्टर हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली, पण लस रोग टाळण्यासाठी होती, झालेला रोग बरा करण्यासाठी नव्हे. तेव्हा भगिनींनी केले ते एवढेच : पाणी पाजले, गाठी धुतल्या, अंथरुण बदलले, मरणाऱ्याचा हात धरिला. त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता-करता १० मार्च रोजी निवर्तल्या. त्यांचा मार्ग आपला नव्हे, पण मरण तेच, ज्या मरणाने संत आलॉयसियस गोन्झागा १५९१ साली रोममध्ये साथीच्या रोग्यांस वाहून नेताना तेविसाव्या वर्षी मेला. ज्या रोग्यास शिपायाने ओढून आणिले तोच रोगी एका परकी स्त्रीच्या हातून पाणी पिऊ लागला. सक्तीने जो विश्वास गेला तो कायद्याने परत आला नाही. जेथे आला तेथे पाण्याच्या पेल्याने आला.

आणि जे इस्पितळात जाऊ शकत नव्हते त्या सामान्य भाविकांनी काय केले? त्यांनी क्रूस उभारिले. वांद्रे, गिरगाव, माझगाव येथील गल्ल्यांच्या तोंडाशी ते प्लेगचे क्रूस आजही दिसतात; कित्येकांवर तीच सालेही आहेत. संध्याकाळी गल्लीतील माणसे तेथे जमून जपमाळ म्हणत, लदीन गात, संत सेबास्तियन व संत रोक यांचा धावा करीत. शिकलेली माणसे ह्यास भोळेपणा म्हणतात. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. ज्या गल्लीत प्रत्येक जण शेजाऱ्याच्या खोकल्यास भिऊन दार लावून बसला होता, तेथे रोज एका वेळी दारे उघडून सर्वांनी एकमेकांची तोंडे पाहावीत, कोण आले नाही हे ध्यानात घ्यावे आणि त्याच्या घरी जावे, एवढे जरी त्या क्रुसाने घडविले असेल तरी दगडाचे मोल वसूल झाले.

आता पुन्हा आपल्या डोंगराकडे वळू. दरड हे ह्या जिल्ह्याचे नवे दुःख नाही. २००५ च्या जुलैत महाड-पोलादपूरकडे दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते ही गावे दबली. ३० जुलै २०१४ रोजी सह्याद्रीच्या पलीकडे आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गेले. १५१ माणसे मेली. २२ जुलै २०२१ रोजी महाडचे तळीये. आणि मग इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी मदतीचा पूर येतो. कपड्यांचे ढीग, भांडी, बिस्किटांची खोकी. आठ दिवसांनी छायाचित्रे काढणारे जातात. दुष्काळ आणि प्लेग यांच्या इतिहासातून आपण काही घ्यावयाचे तर ते हेच की, नगरचे मास्तर आणि प्लेगच्या भगिनी नवव्या दिवशीही तेथेच होत्या.

त्यातूनच मोठा प्रश्न येतो. आपण जावे ते काय घेऊन, आणि काय न बोलता? पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २५ डिसेंबर २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हे निःसंदिग्ध सांगितले आहे : ख्रिस्ती प्रेम फुकट दिले जाते, दुसरा कोणताही हेतू साधण्याचे ते साधन नव्हे, आणि देवाविषयी केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहून प्रेमासच बोलू द्यावे हे ख्रिस्ती माणसास कळले पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्या सर्व मिशनऱ्यांस हे मान्य झाले असते असे नाही. काहींनी भाकर आणि बाप्तिस्मा यांचे अंतर फारच कमी ठेविले. त्यांच्या धैर्यास वंदन करून ही चूक आपण पुन्हा करू नये, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे. ठाकर व कातकरी बांधवांचे स्वतःचे देव आहेत, स्वतःचे नाच व गाणी आहेत, आणि दुःखाच्या घरी शिरून त्यांस हात लावणे हे सेवेचे काम नव्हे. ह्याच कर्जत तालुक्यात, मागच्या महायुद्धाच्या महागाईत, माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवालांनी सावकाराच्या कचाट्यातून आदिवासी व गरीब कुळांस सोडविण्यासाठी धान्याची कोठी काढली होती. कोणाचा देव कोणता हे विचारून तेथे धान्य मोजले जात नसे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. सेवेचा हा धडा आपणांस घाटाखालच्या मातीतूनच मिळाला आहे. त्यासाठी रोमपर्यंत जाण्याचेही कारण नाही.

इर्शाळवाडीच्या कुटुंबांनी प्रथम चौकजवळ पत्र्याच्या खोक्यांत दिवस काढले. पुढे तेथेच सिडकोने त्यांच्यासाठी ४४ घरे बांधली. घर मिळाले म्हणजे सर्व मिळाले असे नाही. वरच्या वाडीत नाचणीचे, वरीचे शेत होते, रान होते, मध-मोहाची, रानभाजीची वाट होती. खाली रस्ता आहे आणि दुकान आहे, म्हणजे रोज रोकड लागणार. ज्या मुलांचे दोन्ही पालक गेले ती आता वाढत्या वयाची आहेत.

म्हणून ज्युबिली समितीपुढे प्रस्तुत लेखकाची एक नम्र सूचना आहे. ह्या वर्षीच्या वर्गणीतून देवळाचा दर्शनी भाग रंगवावयाचा आहे. तो अवश्य रंगवावा. पण रंगाचे कंत्राट देण्यापूर्वी आपल्यातील दोघा-तिघांनी, शक्यतो ज्यांस ठाकरांची बोली समजते अशांनी, एका रविवारी मिस्सेनंतर चौकास जावे. खोकी नेऊ नयेत, छायाचित्रे काढू नयेत. तेथील वडीलधाऱ्यांपाशी बसून मुलांच्या शाळेस, फीस, येण्या-जाण्यास काय कमी पडते ते विचारावे, आणि ते सांगतील तेवढेच लिहून आणावे. १९ जुलैच्या मिस्सेत त्या ८४ जणांसाठी प्रार्थना होईलच. तिच्या आधी हा कागद समितीच्या हाती असावा.